सहाव्या महिन्यात पुन्हा उलट्या: पिशवीभर गोळ्यांचं एक प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेलं आहे. यातली बाई कुणी एक नाही. पण तिच्या पिशवीतली जवळजवळ प्रत्येक गोळी मुंबईतल्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळते, आणि तिच्या हातून झालेल्या चुका ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. मात्रा, मर्यादा आणि उपचार प्रत्यक्षात असतात तसेच घेतले आहेत.

वय २८, दुसरं गरोदरपण, २६ आठवडे पूर्ण. राहणं भांडुप पश्चिमेला, नोकरी करी रोडजवळच्या एका ऑफिसात. घरात नवरा, सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी. पहिली प्रसूती नैसर्गिक. थायरॉइड कमी असल्यामुळे दोन वर्षांपासून थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम रोज सकाळी. साखर, रक्तदाब यांचा पूर्वी त्रास नाही. नाव दोन ठिकाणी घातलेलं: एक महापालिकेच्या प्रसूतिगृहात, दुसरं घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे. ऐनवेळी धावाधाव नको म्हणून मुंबईत अनेक घरांत असं केलं जातं आणि त्यात गैर काही नाही. मात्र दोन ठिकाणी नाव घातलं की दोन ठिकाणच्या गोळ्याही घरी येतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तक्रार अशी: पहिल्या तिमाहीतल्या उलट्या चौदाव्या आठवड्यात थांबल्या होत्या, त्या चोविसाव्या आठवड्यापासून पुन्हा सुरू झाल्या. चार-चार दिवस शौचाला होत नाही. तहान भागत नाही. ऑफिसात लिटरची बाटली तीनदा भरावी लागते, घरचं पाणी वेगळं. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. गळून गेल्यासारखं वाटतं, कामात लक्ष लागत नाही. यातली एकेक तक्रार सुटी सुटी घेतली तर कुठल्याही गरोदर बाईची वाटते, आणि म्हणूनच दोन आठवडे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. खरं तर सहाव्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या उलट्या ‘डोहाळे’ या खात्यात टाकायच्या नसतात. त्यांचं कारण शोधायचं असतं.

पहिल्या फेरीत तहान आणि लघवी पाहून मधुमेहाची शंका आली. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासली, ती ११८ आली. १४० च्या आत, म्हणजे ठीक. लघवीत जंतुसंसर्ग नाही. रक्तदाब १२८/८४. हिमोग्लोबिन १३.४. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढणारं संप्रेरक) मात्र ६.९, दहाव्या आठवड्यात ते २.३ होतं. कागदावर थायरॉक्सिन वाढवून ७५ करण्याचं ठरलं, उलटीची गोळी दिली, जळजळीसाठी चघळण्याच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, शौचासाठी इसबगोल. एवढ्यावर ही केस बंद झाली असती.

ती पुढे सरकली ती वजन घेणाऱ्या सिस्टरच्या एका प्रश्नामुळे. “ताई, दिवसभरात गोळ्या कुठल्या कुठल्या घेता?” उत्तर आलं, “औषध फक्त थायरॉइडचं, सिस्टर. बाकी सगळ्या व्हिटॅमिनच्याच आहेत.” सिस्टरने पुढच्या वेळी घरातलं सगळं पिशवीत घालून आणायला सांगितलं. स्ट्रिपा, डबे, बाटल्या, चूर्णं, अगदी अर्धवट संपलेलंसुद्धा. ‘कुठली औषधं चालू आहेत’ असं विचारलं तर व्हिटॅमिन, पावडर, काढा यांची नावं कधीच येत नाहीत. ती औषधांत मोजली जात नाहीत. पिशवी मागवली तरच येतात.

पिशवीत काय निघालं

प्रसूतिगृहातून मिळालेल्या लाल गोळ्या: प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, रोज एक. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाचं २०१८ पासूनचं ठरलेलं प्रमाण तेच आहे: दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. तिथूनच मिळालेली कॅल्शियमची गोळी, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू (जीवनसत्त्वं मोजायचं एकक) डी-३, म्हणजे डी-जीवनसत्त्व, दिवसातून दोन. हेही राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणेच.

खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फेरस अॅस्कॉर्बेटची गोळी, १०० मिलिग्रॅम लोह आणि दीड मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, रोज एक. आणि वेगळ्या नावाची कॅल्शियमची गोळी, ५०० मिलिग्रॅम अधिक ५०० आययू डी-३, दोन वेळा. पहिल्या तिमाहीत दिलेली फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅमची गोळी कुणी बंद करायला सांगितली नव्हती, म्हणून तीही चालूच.

जळजळीसाठी कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळण्याच्या गोळ्या, दिवसाला चार तरी. गरोदर आयांसाठीची प्रोटीन पावडर, दोन वेळा दुधातून. डब्याच्या मागच्या तक्त्याप्रमाणे दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १५ मिलिग्रॅम लोह, ४०० मायक्रोग्रॅम अ-जीवनसत्त्व, २०० आययू डी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. दुबईहून नणंदेने पाठवलेलं कॉड लिव्हर ऑइल (कॉड माशाच्या यकृताचं तेल), सोळाव्या आठवड्यापासून रोज एक चमचा. आणि डी-३ च्या ६०,००० आययूच्या कॅप्सूल.

या कॅप्सूलची हकिकत जरा सविस्तर सांगायला हवी. दहाव्या आठवड्यात कंबरदुखीसाठी एका फिजिशियनला दाखवलं, डी-जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम आलं, आणि त्यांनी ‘आठवड्याला एक, आठ आठवडे’ लिहून दिलं. केमिस्टच्या काउंटरवर कागदी पाकिटावर पेनाने पडलं ते एवढंच: ‘सकाळी १, एकूण ८’. आठ कॅप्सूल आठ दिवसांत संपल्या. कंबर बरी वाटली, म्हणून तिने स्ट्रिप दाखवून आणखी आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. बाराव्या आठवड्यापासून बुधवार-रविवार अशा दोन, चौदा आठवडे. म्हणजे ८ अधिक २८, एकूण ३६ कॅप्सूल.

बेरीज

पिशवी टेबलावर उलटी केल्यावर सिस्टरने डॉक्टरांसमोर कागदावर चार रकाने आखले. लोह: ६० + १०० + १५ = १७५ मिलिग्रॅम. कॅल्शियम: १००० + १००० + ४०० + चघळण्याच्या गोळ्यांचे. त्या गोळ्यांवर ‘५०० मिलिग्रॅम’ छापलेलं असतं ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यातलं शुद्ध कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे गोळीमागे २००. चार गोळ्यांचे ८००. एकूण ३२०० मिलिग्रॅम, आणि दूध, दही, नाचणी, मासे यांतून येणारं वेगळं. गरोदरपणात गोळ्या आणि आहार मिळून ओलांडू नये अशी वरची मर्यादा २५०० आहे.

डी-३: ३६ कॅप्सूल म्हणजे २१ लाख ६० हजार आययू, ११२ दिवसांत. दिवसाला साधारण १९,३००. त्यात कॅल्शियमच्या गोळ्यांतले १५००, पावडरचे २०० आणि कॉड लिव्हर ऑइलच्या चमच्यातले सुमारे ४५० मिळवले की २१ हजारांच्या वर. गरज ६००, वरची मर्यादा ४०००. फॉलिक अॅसिड ७ मिलिग्रॅम, जिथे अर्ध्या मिलिग्रॅमने भागलं असतं.

यातली एकही चिठ्ठी चुकीची नव्हती. प्रसूतिगृहाची मात्रा बरोबर, खासगी डॉक्टरांची बरोबर, फिजिशियनचीही बरोबर. बेरीज करण्याचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. मुंबईत गरोदर बाई एका वेळी चार-पाच दारांतून गोळ्या आणते, प्रत्येक दाराला फक्त आपली गोळी दिसते, आणि स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आणि घटक मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. दोन नावांच्या दोन गोळ्यांत एकच वस्तू आहे हे घरच्या माणसाला कळायला वाव नाही.

दुसरा भाग गोळीने गोळी ओढण्याचा. दुप्पट-तिप्पट लोहाने पोटात जळजळ आणि मळमळ सुरू झाली. जळजळीसाठी चघळण्याच्या गोळ्या आल्या, त्यांनी कॅल्शियम वाढवलं. कॅल्शियम आणि लोह, दोघांनी शौच घट्ट केलं, म्हणून इसबगोल. कॅल्शियम चढल्यावर उलट्या सुरू झाल्या, म्हणून उलटीची गोळी. ऑफिसची गाडी पकडायची म्हणून थायरॉक्सिन साडेसहाला आणि लोह, कॅल्शियम सातला, चहासोबत एकदमच. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, ते रक्तात पुरतं पोचतच नाही. टीएसएच चढण्यात याचा मोठा हात होता, आणि उपाय म्हणून थायरॉक्सिनच वाढणार होतं. तिथे चहातलं टॅनिन आणि कॅल्शियम लोहालाही अडवत होतं. १७५ मिलिग्रॅम गिळूनही अंगी किती लागलं असेल हा प्रश्नच आहे. न शोषलेलं लोह आतड्यातच राहतं आणि त्रास तेच देतं.

कॅल्शियमचा रिपोर्ट कसा वाचला

त्याच दिवशी रक्त पाठवलं. एकूण कॅल्शियम ११.४. लॅबची मर्यादा १०.५, म्हणजे ‘थोडं जास्त’ म्हणून सोडून देण्याजोगा आकडा. पण गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पातळ होतं आणि अल्ब्युमिनला चिकटलेलं कॅल्शियमही कमी दिसतं. तिचं अल्ब्युमिन ३.१. दुरुस्तीचं गणित सोपं आहे: ४ मधून ३.१ वजा, उरलेल्या ०.९ ला ०.८ ने गुणायचं, ०.७२ मिळवायचं. खरं कॅल्शियम १२.१ च्या घरात. सोय असेल तर आयनित, म्हणजे अल्ब्युमिनला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम थेट मोजावं, ते जास्त भरवशाचं.

मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.०. लॅबने समोर ‘नॉर्मल’ छापलं होतं. गरोदर बाईचं क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ असतं; तिच्यासाठी १.० म्हणजे मूत्रपिंडांवर ताण. १३.४ हिमोग्लोबिनचंही तसंच. घरी त्याचं कौतुक झालं होतं. बाराव्या आठवड्यात ते ११.८ होतं, आणि या महिन्यांत रक्त पातळ होऊन आकडा थोडा उतरायला हवा. तो चढला याचा अर्थ शरीरातलं पाणी कमी होऊन रक्त दाट झालं असण्याची शक्यता जास्त. चढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवू देत नाही. ती सतत पाणी पीत होती तरी कोरडी पडत होती.

डी-जीवनसत्त्व १६८ नॅनोग्रॅम. १५० च्या वर गेलं की विषारी पातळी धरतात. पॅराथायरॉइड संप्रेरक (गळ्यातल्या ग्रंथींतून येणारं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं) ६, जवळजवळ झोपलेलं. या दोन आकड्यांवरून कारण पक्कं झालं: कॅल्शियम चढलं ते ग्रंथीच्या आजारामुळे नाही, बाहेरून आलेल्या डी-३ आणि कॅल्शियममुळे. पॅराथायरॉइडची गाठ असती तर ते संप्रेरक चढं, निदान दाबलं न गेलेलं असतं.

उपचार

तिला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. कॅल्शियम, डी-३, पावडर, कॉड लिव्हर ऑइल, चघळण्याच्या गोळ्या, सगळं त्याच संध्याकाळी बंद. लोह चार दिवस थांबवलं, पोट शांत होण्यापुरतं. शिरेतून सलाइन, पहिल्या चोवीस तासांत तीन लिटर, किती गेलं किती आलं याचा तक्ता ठेवून. गरोदर बाईला सलाइन बेताबेतानेच द्यावं लागतं, फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका असतो. ईसीजी काढला, कारण कॅल्शियम चढलं की हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी काळ आखडतो. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली, खडा नव्हता. बाळाची वाढ आणि पाणी ठीक. कॅल्शियम चढलेलं असताना रक्तदाबही चढू शकतो, म्हणून तो दिवसातून चार वेळा.

अशा वेळी गरोदर नसलेल्या रुग्णाला बिस्फॉस्फोनेट, म्हणजे हाडांतून कॅल्शियम सुटू न देणारं औषध, दिलं जातं. इथे ते टाळलं. ते वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या हाडांत जाऊन बसू शकतं. सलाइनने भागलं नसतं तर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा छोटा कोर्स हा पुढचा पर्याय होता: डी-जीवनसत्त्वामुळे चढलेल्या कॅल्शियमवर ते काम करतं, आणि वारेतलं एन्झाइम त्याचा बराच भाग निकामी करत असल्यामुळे बाळापर्यंत थोडंच पोचतं. तशी वेळ आली नाही. पाचव्या दिवशी दुरुस्त कॅल्शियम १०.८ वर आलं, उलट्या थांबल्या, शौचाला झालं. घरी सोडलं.

घरी सोडलं म्हणजे संपलं असं डी-जीवनसत्त्वाच्या बाबतीत होत नाही. ते चरबीत साठतं. बी गटातली जीवनसत्त्वं आणि सी जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात; डी आणि अ तशी जात नाहीत. चार आठवड्यांनी तिची पातळी १३४ होती, प्रसूतीच्या वेळी ७९. तोवर दर आठवड्याला, मग पंधरवड्याला कॅल्शियम तपासलं. पाणी तीन लिटर, दूध दिवसाला एकच पेला.

थायरॉक्सिनचं काय? नुसतं वेळापत्रक सुधारून टीएसएच खाली येतं का ते बघत बसायला गरोदरपणात फुरसत नसते, आणि या काळात थायरॉक्सिनची गरज मुळातच वाढते. पण आधी ठरलेले ७५ देऊन वर शोषणही सुधारलं असतं तर मात्रा पुढे जास्त पडली असती. मधला मार्ग म्हणून ६२.५ मायक्रोग्रॅम दिलं आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं. टीएसएच २.८.

कॉड लिव्हर ऑइल आणि कलेजी

अ-जीवनसत्त्वाने तिला त्रास झाला नाही, पण हिशोब करताना काळजी वाटावी अशी ही जागा होती. कॉड लिव्हर ऑइलच्या एका चमच्यात साधारण १३५० मायक्रोग्रॅम तयार अ-जीवनसत्त्व असतं. पावडरचे ४००. शिवाय रक्त वाढावं म्हणून सासूबाई दर रविवारी कलेजी करत. शंभर ग्रॅम कलेजीत सात हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास. आठवड्यात वाटून टाकलं तर रोजचे हजार. एकूण २७५०. मर्यादा ३०००, म्हणजे १०,००० आययू. कागदावर मर्यादेच्या आत, पण अगदी काठावर. अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२ हजारांहून अधिक गर्भवतींच्या अभ्यासात गोळ्यांतून रोज १०,००० आययूपेक्षा जास्त तयार अ-जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या बाळांत चेहरा, हृदय, मज्जासंस्था यांच्या जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. धोका मुख्यतः पहिल्या तिमाहीचा, अवयव घडण्याच्या दिवसांतला. चमचा सोळाव्या आठवड्यात सुरू झाला हे नशीब. कलेजी मात्र पहिल्यापासून चालू होती. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित होतं.

कलेजीत लोह भरपूर असतं हे खरं, म्हणून घरोघरी हा सल्ला दिला जातो. गरोदरपणात तरी ती टाळलेली बरी, निदान पहिल्या तिमाहीत नकोच. गाजर, लाल भोपळा, शेवग्याची पानं यांना हा नियम लागू नाही. त्यातलं बीटा कॅरोटिन शरीर गरजेपुरतंच बदलून घेतं. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन ही अ-जीवनसत्त्वाच्याच कुळातली गोळी आणि गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. दिवस राहण्याचा विचार असेल तर किमान एक महिना आधी थांबवावी लागते.

फॉलिक अॅसिडचे ५ मिलिग्रॅम कुणाला द्यायचे हे ठरलेलं आहे: आधीच्या बाळाला मज्जारज्जूचं व्यंग, फिट्सची काही औषधं, मधुमेह, फार जास्त वजन. बाकीच्यांना गर्भधारणेच्या महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत ४०० मायक्रोग्रॅम. जास्त फॉलिक अॅसिडने बी-१२ ची कमतरता झाकली जाते: रक्ताचं चित्र सुधारतं, नसांचं नुकसान चालू राहतं. शाकाहारी घरात हे विशेष पाहावं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत, ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. आपल्या रुग्णाचं बी-१२ तपासलं, ते ठीक होतं. आठवड्यातून चार दिवस बांगडा-मांदेली खाणारं घर. ५ मिलिग्रॅमची गोळी बंद.

पावडरबद्दल थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरण, एक अंडं, माशाचा तुकडा, वाटीभर दही यांत ते भागतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जास्त प्रथिनांचं पेय दिलेल्या गटात फार लवकर होणाऱ्या प्रसूती आणि नवजात मृत्यू उलट वाढलेले दिसले. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये २००६ पासून चाललेल्या ‘सारस’ प्रकल्पात पालेभाजी, फळं आणि दूध यांचा खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून दिला, तेव्हा गरोदरपणातला मधुमेह कमी आढळला. महिन्याला हजार-बाराशेचा डबा आणण्याआधी एवढं माहीत असावं.

नवं वेळापत्रक

कागद फ्रिजवर लावायचा म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून दिला. सकाळी ६ ला थायरॉक्सिन, फक्त पाण्यासोबत. चहा-पोळी ७ ला. लोह सकाळी ११ ला ऑफिसात, लिंबूपाण्यासोबत. प्रसूतिगृहाची लाल गोळीच, एक. खासगीतली बंद. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नको. कॅल्शियम सध्या नाही. कधी सुरू झालंच तर दुपारी २ च्या डब्यानंतर आणि रात्री ९ च्या जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास, थायरॉक्सिन आणि या दोघांत किमान चार तास. जळजळ झाली तर केमिस्टकडे न जाता आधी फोन. नवं काहीही सुरू करायचं तर जुना कागद समोर ठेवून. माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे चालू गोळ्यांची यादी चिकटवली, आणि तेच कार्ड दोन्हीकडे न्यायचं ठरलं.

सासूबाईंची प्रतिक्रिया दुसऱ्या टोकाची होती. “आता एकही गोळी द्यायची नाही हिला. आमच्या वेळी कुठे होत्या?” सिस्टरने त्यांना बसवून घेतलं. “काकू, लाल गोळी सोडायची नाही. बाकीच्या गेल्या, ही राहिली पाहिजे.” याला कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. अशा प्रकरणाची गोष्ट चाळीत पसरली की बायका लोहच बंद करतात, आणि मग प्रसूतीतला थोडा रक्तस्रावही जिवावर येतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असतं तर याच रुग्णाला दोन लाल गोळ्या दिल्या असत्या आणि ते बरोबरच ठरलं असतं.

घरातली आणखी एक गोष्ट सिस्टरने विचारून घेतली: गोळ्या ठेवता कुठे? देव्हाऱ्याखालच्या उघड्या फळीवर. लाल, गोड आवरणाची गोळी तीन वर्षांच्या मुलीला चॉकलेटच वाटते. मुलीचं वजन १२ किलो. किलोमागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, ६० च्या वर जीवघेणी. ६० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांत पहिली रेषा गाठली जाते, बारा गोळ्यांत दुसरी. १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर अडीच आणि सात. आधी उलट्या-जुलाब, मग काही तास मूल बरं वाटायला लागतं, आणि त्यानंतर यकृत, रक्ताभिसरण कोसळतं. मधल्या त्या काळात घरचे निर्धास्त होतात. मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्याची शंका जरी आली तरी उलटीची वाट न पाहता, उरलेली स्ट्रिप बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जायचं. गोळ्या कुलूपबंद कपाटात गेल्या. जादाच्या स्ट्रिपा वहिनीला, शेजारणीला वाटण्याचा विचार होता, तोही सोडायला लावला.

प्रसूती आणि बाळ

३८ आठवड्यांना नैसर्गिक प्रसूती, मुलगा, २.९ किलो. बाळरोगतज्ज्ञांना आधीच कळवलं होतं. आईचं कॅल्शियम पोटात असताना चढलेलं असलं की ते वारेतून बाळाकडे जातं आणि बाळाची पॅराथायरॉइड ग्रंथी दबून राहते. नाळ कापली की पुरवठा थांबतो, ग्रंथी मात्र लगेच जागी होत नाही. म्हणून बाळाचं कॅल्शियम २४, ४८ आणि ७२ तासांनी तपासलं. ४८ तासांना ते ७.६ आलं; पूर्ण दिवसांच्या बाळात ८ च्या खाली म्हणजे कमी. हातपाय थरथरत होते, फिट आली नाही. दोन दिवस कॅल्शियम दिलं, पाचव्या दिवशी ८.९. माहिती आधी नसती तर ही थरथर थंडी किंवा भूक म्हणून निभावून गेली असती.

बाळाला एरवी रोज ४०० आययू डी-३ चे थेंब पहिल्या दिवसांपासून सुरू होतात. इथे आईच्या दुधातून जास्त डी जाण्याची शक्यता असल्यामुळे बाळाची पातळी तपासेपर्यंत ते थांबवले, आणि ही नोंद लसीकरणाच्या कार्डावर केली, म्हणजे पुढच्या भेटीत दुसऱ्या कुणी नेहमीच्या सवयीने लिहून देऊ नये. आईला लाल गोळी रोज एक, १८० दिवस. थायरॉक्सिन प्रसूतीनंतर परत ५०, सहा आठवड्यांनी टीएसएच. कॅल्शियमची गोळी सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चालतील, दिवसाला एक. काटेकोर मोजमाप नको, फक्त लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी नकोत. कॉड लिव्हर ऑइलची उरलेली बाटली नणंदेने परत मागितली होती. तिलाही दिवस राहिले होते, आठवा आठवडा होता, म्हणून ती बाटली दिली नाही.